‘डार्क शॅडोज’मधील चेटकीण-खटला : गॉथिक न्यायसभेतील पुराव्याचा प्रश्न

चेटकीण ठरवून चालविलेल्या खटल्यांचे साहित्य वाचताना एक गृहीत सहसा तपासले जात नाही. चेटकीण नावाची वस्तू जगात नाही. म्हणून तिच्यावर भरलेला खटला अन्यायाचा, आणि तो चालविणारे न्यायालय भ्रमिष्ट किंवा लबाड, असा निष्कर्ष वाचक आधीच काढून बसलेला असतो. आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’ (१९५३) या नाटकाचे सारे नैतिक वजन याच गृहीतावर उभे आहे. १६९२ मधील सेलमच्या खटल्यांचा आधार घेऊन मिलर यांनी आपल्या काळातील राजकीय छळाचे चित्र उभे केले, आणि ते प्रत्ययकारी ठरले, कारण आरोपातील गुन्हा मुळातच अशक्य आहे याविषयी प्रेक्षकाला शंका नव्हती. पण गुन्हा शक्य असता तर? चेटकीण खरोखरच गावात वावरत असती, तिने खरोखरच घरे उद्ध्वस्त केली असती, तर त्या न्यायालयाची बाजू सावरली असती काय? हा प्रश्न कोण्या गंभीर नाटककाराने नव्हे, तर अमेरिकेतील दुपारच्या एका दूरचित्रवाणी मालिकेने उपस्थित केला. त्याची समीक्षेने फारशी दखल घेऊ नये याचे आश्चर्य वाटायला नको; दुपारच्या मालिकांकडे गांभीर्याने पाहण्याची रीत नाही. तथापि तो प्रश्न तेथे ज्या कसोशीने मांडला गेला आहे, ती पाहण्यासारखी आहे.

‘डार्क शॅडोज’ ही मालिका डॅन कर्टिस यांनी निर्माण केली. एबीसी वाहिनीवरून २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात, सोमवार ते शुक्रवार, अर्ध्या तासाचा एक याप्रमाणे तिचे १,२२५ भाग प्रक्षेपित झाले. अनाथाश्रमात वाढलेली व्हिक्टोरिया विंटर्स ही तरुणी मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक गावी, कॉलिन्स कुटुंबाच्या वाड्यात मुलाची शिक्षिका म्हणून येते, येथून कथेला प्रारंभ होतो. शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’पासून (१८४७) चालत आलेला हा साचा ओळखीचा आहे. प्रारंभीच्या महिन्यांत मालिकेत भुताखेतांना फारसा वाव नव्हता. पुढे तो वाढत गेला, आणि १९६७ च्या एप्रिलमध्ये बार्नबस कॉलिन्स या रक्तपिपासू पूर्वजाचा प्रवेश झाल्यावर मालिकेने उघडपणे गॉथिक रूप धारण केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वाड्यात प्रेतात्म्याला पाचारण करण्यासाठी बैठक बसते, आणि त्या बैठकीतून व्हिक्टोरिया अदृश्य होऊन थेट १७९५ सालात जाऊन पडते. तिच्या खुर्चीवर त्या काळातील फिलिस विक नावाची शिक्षिका प्रकट होते. पुढे सुमारे चार महिने कथानक १७९५-९६ मध्येच राहते, आणि त्याच्या मध्यावर व्हिक्टोरियावर चेटूक केल्याचा खटला भरला जातो.

१७९५ हे साल दोन दृष्टींनी लक्षात घ्यावयास हवे. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने हा गॉथिक कादंबरीचा भर बहराचा काळ आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ १७९४ ची, मॅथ्यू लुईस यांची ‘द माँक’ १७९६ ची. रॅडक्लिफ यांच्या कादंबरीत भयाला शेवटी लौकिक उलगडा मिळतो. लुईस यांच्याकडे सैतान सैतानच असतो. मालिका निःसंकोचपणे लुईस यांच्या बाजूची आहे. कायद्याच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे साल विसंगत आहे. मेन हा प्रदेश १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचा भाग होता, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये चेटकाच्या आरोपावरून १६९२ नंतर कोणालाही फाशी झाली नाही. ब्रिटनमध्ये तर १७३५ च्या कायद्याने प्रत्यक्ष चेटूक हा गुन्हाच उरला नव्हता. लोकसमजूत अर्थातच कायद्याबरोबर मेली नव्हती. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची संविधानसभा भरलेली असतानाच त्याच शहरात एका वृद्धेला चेटकीण समजून जमावाने मारले. पण ते जमावाचे काम होते, न्यायालयाचे नव्हे. तेव्हा १७९५ मध्ये रीतसर न्यायासन, आरोपपत्र आणि फाशीची शिक्षा दाखविणे ही इतिहासाची चूक आहे, असे म्हणून हात झटकता येतील. परंतु ज्या कथेत शवपेटीतून उठलेला पूर्वज नायक आहे, त्या कथेत शतकापूर्वी मेलेला कायदा उठून चालू लागावा यात एक आंतरिक संगती आहे. कॉलिन्सपोर्टचे न्यायालय हेच त्या कथेतील सर्वांत जुने भूत होय.

आता खटल्याकडे वळता येईल. व्हिक्टोरियाविरुद्ध जो पुरावा आहे त्याचे वैशिष्ट्य असे की त्यातील बराचसा खरा आहे. तिच्या अंगावरचे कपडे त्या काळात कोणी पाहिलेले नाहीत. तिच्याजवळ कॉलिन्स घराण्याच्या इतिहासाचे एक पुस्तक आहे, आणि त्यात अद्याप न घडलेल्या घटना छापलेल्या आहेत. ती माणसांना भलत्याच नावांनी हाक मारते. हा शेवटचा तपशील मालिकेच्या घडणीतून आलेला आहे. १७९५ मधील पूर्वजांच्या भूमिका विसाव्या शतकातील वंशजांच्याच नटांना दिलेल्या आहेत. जोन बेनेट या एलिझाबेथही आहेत आणि नेओमीही. लुई एडमंड्स हे रॉजर आणि जोशुआ दोघेही आहेत. मोजक्या नटसंचात काम भागविण्याची ही सोय दशावतारी मंडळींनाही परकी वाटणार नाही. येथे मात्र त्या सोयीतून आरोप जन्माला येतो. ओळखीचा चेहरा पाहून व्हिक्टोरिया चुकीचे नाव उच्चारते, आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती अज्ञात शक्तींशी बोलत असते. खरे काय ते सांगितले, तर आपण १९६७ सालातून आलो, हेच तिला सांगावे लागेल. आणि असे म्हणणे म्हणजे चेटकाची कबुलीच. सेलममध्ये कबुली देणाऱ्याला जीव वाचविण्याची संधी होती आणि नाकारणारे फासावर गेले. खोटे बोलणाऱ्याला जीवदान देणारी ती व्यवस्था विपरीत होतीच. व्हिक्टोरियाला तेवढीही वाट उरत नाही. तिला खोटे तारत नाही आणि सत्य तर हमखास मारते.

खरी चेटकीण वेगळीच आहे. मार्टिनिक बेटावरून आलेल्या द्यू प्रे कुटुंबाची दासी आंजेलिक ही ती. बार्नबसने तिच्याशी संबंध ठेवला आणि लग्न ठरविले ते तिच्या धनिणीशी, जोझेटशी. त्या अपमानातून आंजेलिकचा सूड सुरू होतो. ती जोझेट आणि जेरेमाया यांच्यात मंत्राने प्रेम उत्पन्न करते, बार्नबसला लग्नास भाग पाडण्यासाठी त्याच्या धाकट्या बहिणीच्या बाहुलीत टाचण्या खुपसून तिला आजारी पाडते, आणि अखेर बार्नबसला शाप देते. प्रेक्षक हे सगळे पाहतो. चेटूक घडत नाही असे म्हणण्याची सोय त्याला नाही. घरात चेटकीण आहे हे पत्त्यांवरून भविष्य पाहणाऱ्या काउंटेस नातालीने बरोबर ओळखलेले असते. रेव्हरंड ट्रास्क हा धर्मोपदेशक चेटकिणीच्या शोधात गावात येतो तेव्हाही तो चुकीच्या गावी आलेला नसतो. संशय खरा आहे. फक्त माणूस चुकले आहे.

ते का चुकले, हा खटल्याचा गाभा. व्हिक्टोरियाला कुळ नाही, गाव नाही, तिच्यासाठी शब्द टाकणारा नातलग नाही. कुटुंबातील कर्मठ अ‍ॅबिगेलला ती पहिल्या दिवसापासून खुपते. आंजेलिकही परकी आणि नोकरमाणूसच आहे, पण ती दासीच्या जागी नेमकी बसते. चहा आणते, केस विंचरते, आणि म्हणून दिसेनाशी होते. काउंटेसला पत्त्यांत चेटकीण दिसते, पण ते पत्ते जिच्या देखत मांडले जातात ती स्वतःची दासी दिसत नाही. सेलमच्या इतिहासाशी येथे एक उलटापालट आहे. १६९२ मध्ये सर्वांत आधी ज्यांच्यावर बोट रोखले गेले त्यांत पॅरिस यांच्या घरची गुलाम स्त्री टिट्यूबा होती. कॉलिन्सपोर्टमध्ये बेटावरून आलेली दासी सुटते, आणि जिचा वर्ग चटकन सांगता येत नाही अशी शिक्षिका सापडते. संशय हलक्या जागेवर असलेल्यापेक्षा जागाच नसलेल्याला आधी शोधतो, हे निरीक्षण मालिकेने कोणताही गाजावाजा न करता नोंदविले आहे.

ट्रास्कच्या कसोट्यांचा प्रसंग या विवेचनात मध्यवर्ती ठरतो. व्हिक्टोरियाला झाडाला बांधून ठेवणे ही एक कसोटी. पुढे ती जुन्या वाड्यात लपलेली असताना ट्रास्क दाराबाहेर उभा राहून पिशाच्चनिवारणाचा विधी करतो. आत चेटकीण असेल तर तिला राहवणार नाही, ती बाहेर पडेल, असा त्याचा सिद्धांत. त्याच वेळी दुसरीकडे आंजेलिक पत्त्यांचे घर रचते आणि ते पेटविते. व्हिक्टोरियाला आपली खोली जळते आहे असे दिसते, ती जीव घेऊन धावत बाहेर येते आणि ट्रास्कच्या पुढ्यात येऊन पडते. कसोटी यशस्वी! येथे ट्रास्कने लबाडी केलेली नाही. त्याने नियम सांगितला, प्रयोग केला, अपेक्षित फळ मिळाले. फक्त ते फळ त्याला खऱ्या चेटकिणीने आणून दिले. चेटूक खरे मानले तर चेटकाची कसोटी सर्वांत आधी निकामी होते, कारण तिचा निकाल फिरविण्याचे सामर्थ्य ज्या एका व्यक्तीपाशी आहे तिलाच तर शोधायचे असते. हाच आक्षेप सेलमच्या वेळी इन्क्रीज मॅदर या धर्मशास्त्र्याने दुसऱ्या शब्दांत घेतला होता. पीडितांना आरोपीची छायाकृती दिसते एवढ्यावर विसंबू नये, कारण सैतान निरपराध माणसाचेही रूप घेऊ शकतो, हे त्याचे म्हणणे. मॅदर सैतान मानीत होता, चेटकिणीही मानीत होता. त्याची हरकत श्रद्धेच्या आतून आलेली होती. गव्हर्नर फिप्स यांनी १६९२ च्या ऑक्टोबरमध्ये ते विशेष न्यायालय बंद केले, तोवर एकोणीस जणांना फाशी झाली होती आणि जाइल्स कोरी हा वृद्ध दगडांच्या भाराखाली मेला होता. ‘डार्क शॅडोज’ची भूमिका मिलर यांच्यापेक्षा मॅदरला जवळची आहे, ही गोष्ट मालिकेच्या लेखकांच्या मनात असो वा नसो, मान्य करावी लागते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या ठिकाणी शब्दांचा एक प्रश्न उभा राहतो. ‘चेटकीण’ या शब्दाचा धाक आज बराचसा बालरंगभूमीपुरता उरला आहे. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण मुलांना घाबरविते त्याहून अधिक हसविते. ‘डाकीण’ हा शब्द मात्र अजून आरोपाचा आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात तो एखाद्या बाईला चिकटला की तिचे घर, शेत, कधी कधी प्राणही जातात. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर तो आधी वटहुकूम म्हणून आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळात संमत झाला. करणी असते की नसते, याचा निवाडा तो कायदा करीत बसत नाही. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे अशक्य करणाऱ्याचे कृत्य तो पाहतो. अस्तित्वाचा वाद बाजूला ठेवून कृतीवर बोट ठेवण्याची ही रीत आणि या खटल्यातून निघणारा अर्थ, दोन्ही एकाच दिशेचे आहेत.

न्यायासनासमोर जे घडते त्यात ट्रास्कचे स्थान सर्वांत विलक्षण आहे. तोच तक्रारदार, तोच साक्षीदार आणि तोच अभियोक्ता. जेरी लेसी या नटाने ही भूमिका आवाज चढवून, हात फैलावून, अगदी व्यासपीठी थाटात केली आहे. ती अतिशयोक्त वाटते, पण तिच्यात कोठेही ढोंग नाही. ट्रास्कला आपल्या म्हणण्याविषयी तिळमात्र शंका नाही, हेच त्याचे भय. बचावाचे काम तुरुंगावर पहारा देत कायद्याचा अभ्यास करणारा पीटर ब्रॅडफर्ड पाहतो. ज्यांना सत्य माहीत आहे त्यांची साक्ष होऊ शकत नाही, किंवा झाली तरी जमेस धरली जात नाही. बेन स्टोक्स हा शिक्षा भोगणारा वेठीचा गडी. त्याच्या शब्दाला किंमत किती? बार्नबसला सगळे ठाऊक आहे, पण तो आता केवळ रात्री वावरणारा मृतात्मा आहे, आणि वडिलांनी तर मुलगा इंग्लंडला गेला म्हणून सांगितले आहे. न्यायालय दिवसा भरते. गॉथिक कल्पनेतून निघालेला हा साधा अडथळा कोणत्याही कायदेशीर युक्तिवादापेक्षा अधिक बोलका आहे. नौदलातील अधिकारी नेथन फोर्ब्स व्हिक्टोरियाचा स्नेही म्हणवीत असतो. तो मात्र दिवसा उजेडी येतो आणि स्वतःची मान सोडविण्यासाठी खोटे बोलतो.

दैनंदिन मालिकेच्या तंत्राचा या खटल्याशी असलेला संबंध स्वतंत्र विचार मागतो. रोज चालणाऱ्या मालिकेत मागचा भाग चुकलेल्या प्रेक्षकासाठी घडलेल्या गोष्टी पात्रांच्या तोंडून पुन्हा सांगाव्या लागतात. एरवी हे काम चहाच्या टेबलावरील गप्पांवर सोपविले जाते आणि ते कंटाळवाणे होते. साक्ष हे त्यासाठी आयतेच साधन आहे. शिवाय खर्चही कमी, एक पिंजरा, एक उंच आसन आणि काही बाके एवढ्यावर आठवडे निघतात. सॅम हॉल, गॉर्डन रसेल आणि रॉन स्प्रोट या लेखकांनी ही सोय घेतली, आणि त्यातून त्यांच्या हाती नकळत काही अधिक लागले. प्रेक्षकाने महिनाभर जे डोळ्यांनी पाहिले तेच साक्षीत पुन्हा सांगितले जाते, पण वेगळ्या अर्थाने. प्रत्येक घटना खरी, क्रमही जवळजवळ खरा, आणि निष्कर्ष पूर्णपणे खोटा. प्रेक्षक हा या खटल्यातील एकमेव पूर्ण साक्षीदार आहे, आणि त्याला बोलता येत नाही. या प्रेक्षकांत शाळेतून नुकतीच घरी परतलेली मुले मोठ्या संख्येने होती. वीस मिनिटांत निकाल लागणाऱ्या कथेत ही घुसमट निर्माण झाली नसती. ती दिवसांच्या लांबणीतून येते.

योगायोगाचा एक भाग मराठी अभ्यासकाला टाळता येणार नाही. व्हिक्टोरिया १७९५ मध्ये जाऊन पडली त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९६७ मध्ये, मुंबईत ‘रंगायन’ने विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणले. या दोन कृतींना एकमेकींची वार्ताही नव्हती. प्रभावाचा प्रश्नच उद्भवत नाही. तरी साम्ये डोळ्यांत भरतात. दोन्हीकडे आरोपी अविवाहित शिक्षिका आहे. ट्रास्क अभियोक्ता असून साक्षीदार होतो. तेंडुलकरांच्या नाटकात काशीकर न्यायाधीशाचे आसन सोडून स्वतःच साक्ष देतात आणि सुखात्मे फिर्यादी व बचाव, दोन्ही बाजूंचे वकील होतात. त्याहून नवल पुस्तकाचे. व्हिक्टोरियाजवळचा छापील इतिहास तिच्यावर पुरावा म्हणून उलटतो, तर भोळा सामंत हातातल्या कादंबरीतून उचलून जी कल्पित साक्ष ठोकून देतो ती नेमकी बेणारेबाईंना जाऊन लागते. छापलेले अक्षर जिवंत बाईवर चालून येते, मग ते भविष्य असो वा फावल्या वेळची कादंबरी. फरकही तितकाच महत्त्वाचा. तेंडुलकरांकडे न्यायालय लुटुपुटीचे आणि आरोपाखालचा गर्भ खरा; मालिकेत न्यायालय खरे, आणि व्हिक्टोरियापाशी गुन्ह्याचा लवलेश नाही. बेणारेला दहा सेकंद दिली जातात आणि नाटककार तिच्यासाठी काळ थांबवून तिला दीर्घ स्वगत देतो. ते स्वगत पात्रांना ऐकू जात नाही, प्रेक्षकाला जाते. व्हिक्टोरियाला असे स्वगत मिळत नाही, आणि ही मालिकेची मोठी उणीव म्हणावी लागेल. मालिकेच्या सुरुवातीच्या काळात भागाचा आरंभ तिच्या निवेदनाने होत असे. जेथे त्या आवाजाची खरी गरज होती तेथे लेखकांचे लक्ष तिच्यात आणि पीटरमध्ये जुळणाऱ्या प्रेमाकडे वळलेले दिसते. नायिकेला वाचवायला निघालेला तरुण आला की नायिकेचे बोलणे कमी होते, हा दोष दुपारच्या मालिकांत नवा नाही.

निकाल लागतो, फाशी ठरते. त्यानंतर बार्नबस ट्रास्कला भुलवून जुन्या वाड्याच्या तळघरात आणतो आणि त्याला जिवंत भिंतीत चिणतो. एडगर अ‍ॅलन पो यांच्या ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’ (१८४६) या कथेची ही उघड उसनवारी आहे. प्रेक्षकाला या सूडाने समाधान मिळते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खटल्याच्या संदर्भात ते तपासून घ्यावे लागते. ट्रास्कवर आरोप ठेवला गेला नाही, त्याला बाजू मांडायला मिळाली नाही, आणि शिक्षा देणाऱ्याला आपल्या निर्णयाविषयी तिळमात्र शंका नव्हती. विटा रचणारा बार्नबस त्या क्षणी ट्रास्कचाच शिष्य असतो. तो स्वतः आंजेलिकच्या शापाचा बळी आहे, म्हणून हे दृश्य केवळ सूडाचे न राहता अधिक अवघड होते. १९९१ मध्ये कर्टिस यांनीच मालिका नव्याने काढली तेव्हा खटला पुन्हा दाखविला गेला, साल मात्र १७९० धरले. २०१२ मध्ये टिम बर्टन यांच्या चित्रपटात आंजेलिक सरळ जमावाला चिथावते. तेथे न्यायालय उरलेलेच नाही, आणि त्याबरोबर पुराव्याचा प्रश्नही गळून पडतो.

मूळ मालिकेत फासाचा दोर गळ्यात पडत असतानाच व्हिक्टोरिया विसाव्या शतकातील त्याच बैठकीत परत येते. तिच्या मानेवर दोराचा वळ असतो. निकाल फिरविला जात नाही, कोणी माफी मागत नाही, न्यायालयाला आपली चूक कळतही नाही. आरोपी तेवढी त्यांच्या हातून निसटते. सेलमच्या इतिहासात निर्दोषत्वाचे कागद हप्त्याहप्त्याने येत राहिले. पहिला मोठा निर्णय १७११ चा, आणि शेवटचे उरलेले नाव, एलिझाबेथ जॉन्सन ज्युनियर यांचे, दोषमुक्त झाले ते २०२२ मध्ये, एका शाळेतील मुलांनी पाठपुरावा केल्यावर. कॉलिन्सपोर्टमध्ये अशी नोंद करायला कोणी नाही. व्हिक्टोरिया परतते त्याच क्षणी तिच्या जागी येऊन बसलेली फिलिस विक खुर्चीवरून नाहीशी होते. तीही शिक्षिकाच होती. बैठकीतील सर्वांचे डोळे परत आलेल्या मुलीकडे लागलेले असतात, आणि फिलिस ज्या सालात परत गेली तेथे तिच्यासमोर काय वाढून ठेवले आहे हे त्यांच्यापैकी कोणी विचारीत नाही.